चिंचेनं घासलेली वजनं

देवमन पडघान तराजूसमोर बसला की श्वास रोखून धरायचा. आधी खिडकी लावायची, मग पंखा बंद करायचा, मग दाराला आतून कडी घालायची. काचेच्या पेटीतला तो नाजूक तराजू वाऱ्याच्या झुळकीनंही हलायचा. डाव्या पारड्यात वस्तू, उजव्यात पितळेची वजनं, आणि वजनं उचलायला चिमटा. बोट लावायचं नाही, बोटाच्या घामालाही वजन असतं, हे त्याला आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. देवमननं ते इतकं मनावर घेतलं की घरी बायकोनं, लिलाबाईनं, मीठ मागितलं तरी हा चिमटा शोधत असेल, असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा नाही. तराजूची थट्टा त्याला आवडत नसे.

शेलूबाजारच्या रस्त्यावर विद्यापीठाचं तेलबियांचं संशोधन केंद्र होतं, त्यातल्या प्रयोगशाळेचा तो परिचर. मी जिनदास, शिरपूरचा, तिथला कारकून. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, नुसता तालुका होता, आणि आमचं केंद्र म्हणजे चार खोल्या, वीस एकर करडई आणि एक जीप. देवमन किन्हीराजा गावचा. सातवी पास. त्यांच्या घरात पगार घेणारा तो पहिलाच माणूस. त्याचा बाप दुसऱ्यांच्या शेतात राबून म्हातारा झाला होता आणि कूळकायद्यात मिळालेली दोन एकर जमीन कसत होता. पोरगा विद्यापीठात आहे असं तो गावात सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं की देवमन तिथे शिकवतो.

काळबांडे साहेब करडईच्या वाणांवर काम करत होते. कुठल्या वाणात तेल जास्त, हे शोधायचं. बियाण्यातलं तेल काढून काचेच्या चंबूत घ्यायचं, चंबू तोलायचा, त्यातून रिकाम्या चंबूचं वजन वजा करायचं. उरलं ते तेल. ऐकायला सोपं आहे, पण ते तेल असायचं चिमूटभर, आणि सगळा निकाल त्या चिमूटभरातल्या कणाकणावर.

आता या तराजूचं रडगाणं. तो घेतला तेव्हा विद्यापीठानं हजारो रुपये मोजले. पण वर्षातून एकदा कारागीर बोलावून त्याची तपासणी करायची, वजनं नागपूरला पाठवून बरोबर करून आणायची, याला तीनशे चाळीस रुपये लागत, आणि ते द्यायला विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात खर्चाचं शीर्ष नव्हतं. मी दर एप्रिलमध्ये पत्र टाइप करायचो. दर ऑगस्टमध्ये उत्तर यायचं की खरेदीसाठी तरतूद आहे, देखभालीसाठी नाही, नवीन तराजू हवा असल्यास मागणी करावी. म्हणजे म्हैस घ्यायला पैसे आहेत, पेंडीला नाहीत. पाच वर्षं मी ते पत्र टाइप केलं. पाचव्या वर्षी तर मजकूर न बघता टाइप व्हायचा.

तराजूची दांडी ज्या धारेवर डोलते ती धार झिजत चालली होती, म्हणून साहेबांनी काटकसर केली. साठ चंबू एप्रिलमध्ये एकदाच रिकामे तोलून घेतले आणि वजनांची यादी भिंतीवर लावली. पुन्हा पुन्हा रिकामे चंबू तोलायचे नाहीत, तेवढीच तराजूची झीज वाचेल. आणि तराजू ठीक आहे की नाही हे कळावं म्हणून काचेचं एक बूच ठरवून ठेवलं. रोज सकाळी देवमननं ते बूच तोलायचं आणि वहीत आकडा लिहून सही करायची. सत्तावीस ग्रॅम चारशे सोळा मिलिग्रॅम. तीन वर्षं तोच आकडा, त्याच वळणाच्या अक्षरात. त्या वहीवर देवमनचा फार जीव होता.

शहात्तरच्या जूनमध्ये मुख्यालयाची समिती यायची ठरली. आणीबाणीला वर्ष होत आलं होतं. कुणाला सक्तीनं घरी बसवलं, कुणाची बदली कुठल्या कुठे झाली, याच्याच गोष्टी आम्ही चहावर करायचो, आणि त्याही हळू आवाजात. समिती उपकरणांची निगा बघणार होती. साहेब त्यांना आणायला आदल्या दिवशीच जीप घेऊन गेले, जाताना मला म्हणाले की सगळं नीट दिसलं पाहिजे. नीट दिसणं म्हणजे काय, हे मी माझ्या अकलेनं ठरवलं.

देवमन मऊ कातड्यानं वजनं पुसत होता. ती काळपट पडली होती. मी शिरपूरच्या दुकानदाराचा पोरगा. आमच्याकडे दिवाळीला वही आणि काट्याची पूजा, त्याच्या आदल्या दिवशी सगळी पितळी मापं आणि वजनं चिंचेत भिजवून राखेनं घासायची, ती सोन्यासारखी दिसेपर्यंत. ते काम लहानपणी माझं होतं. मी देवमनला म्हटलं, असल्या कातड्यानं काय होणार, चिंच आण घरून. तो म्हणाला, साहेबांनी कातड्याशिवाय काही लावू नका म्हटलं आहे. मी म्हटलं, पितळ ते पितळ, आमच्या सात पिढ्यांनी वजनं चिंचेनंच घासली, तुझ्या साहेबाला दुकानाचं काय कळतं. शिवाय उद्या समितीनं ही काळी वजनं पाहिली तर निष्काळजीपणाचा शेरा कुणाच्या नावावर पडेल, हेही विचारलं. खरं तर शेऱ्याला मी भ्यालो होतो. माझी भीती मी त्याच्या अंगावर ढकलली.

त्यानं घरून चिंच आणली. दुपारभर वजनं घासली. एकेक वजन असं लखलखलं की मला आमचं दुकान आठवलं.

समिती खूश झाली. तिघे जण होते, त्यातल्या एकानं वजनांची पेटी उघडून दुसऱ्याला दाखवली. त्यांचा शेरा पुढे माझ्याच टेबलावर आला. उपकरणांची निगा उत्तम असून देखभाल अनुदानाची तूर्त आवश्यकता दिसत नाही, असा. म्हणजे आमच्या चिंचेनं आमचंच तोंड बंद केलं. ते वाचून मी हसलो होतो, हे आता लिहितानाही लाज वाटते.

समितीच्या धावपळीत बूच तोलायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवमननं ते तोललं. चारशे सोळाच्या जागी चारशे अठ्ठावीस. पुन्हा तोललं. चारशे अठ्ठावीस. त्याला वाटलं बुचावर धूळ असेल, म्हणून बूच पुसलं, पेटी पुसली, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तोललं. मग त्याला कळलं. बूच जड झालं नव्हतं, वजनं हलकी झाली होती. चिंचेबरोबर पितळ गेलं होतं. दुकानात गुळाच्या ढेपेला बारा मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, माशी बसून उठावी तेवढं. इथे तेवढ्यावरच सगळं चाललं होतं.

तो वही समोर घेऊन बसला असतानाच साहेब आत आले. त्यांनी पेटीतली वजनं पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“देवमन, हे इतकं चमकतंय कसं? आकडा तोच आहे ना?”

“तोच हाये, सायेब.”

नंतर त्यानं मला सांगितलं की हे शब्द त्यानं म्हटलेच नाहीत, ते आपोआप तोंडातून पडले. साहेबांनी वहीकडे पाहिलं. देवमननं त्यांच्यासमोर चारशे सोळा लिहिलं आणि सही केली. साहेबांचा त्याच्या सहीवर विश्वास होता. ते हात धुवायला निघून गेले.

चार दिवसांनी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यानं दोनदा मागे पाहिलं. सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू? चौकशी झाली तर पहिला प्रश्न येणार, चिंच कुणी सुचवली. दोन मुली होत्या माझ्या, एकीचं लग्न ठरत होतं.

“गप राह्य, देवमन,” मी म्हटलं. “कोनाले काय समजते? तुह्यी जाईन नोकरी, आन माह्यीबी जाईन. लिहीत जाय तोच आकडा.”

तो लिहीत गेला. पण भीती ही काही कपाटात बंद करून घरी जायची वस्तू नाही. तो वाळायला लागला. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. रस्त्यावर जीपचा आवाज आला की त्याचा हात थांबायचा, आणि खरं सांगतो, माझाही. लिलाबाई एकदा बाजाराच्या दिवशी मला भेटल्या. म्हणाल्या की हे झोपेत आकडे बोलतात, कुठला देवऋषी बघू का, पण धम्म घेतल्यापासून आम्ही तर ते सगळं सोडलं. मी म्हटलं, कामाचा ताण आहे वहिनी, होईल ठीक. इतक्या सहजपणे खोटं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

इकडे साहेब आनंदात. पहिले आठ वाण त्यांनी समितीच्या आधी तपासले होते, उरलेले नंतर तपासत होते, आणि नंतरच्या प्रत्येकात तेल भरपूर निघत होतं. निघणारच होतं. रिकामे चंबू जुन्या वजनांनी तोललेले, भरलेले चंबू घासलेल्या वजनांनी, तेव्हा वजाबाकीत खोटं तेल येत होतं. पण शेवटचे नंबर साहेबांनी स्वतः संकर करून तयार केले होते, आणि आपलं पोर पहिलं आलं तर पेपर कुणी पुन्हा तपासायला सांगत नाही. सतरा नंबरचा वाण सगळ्यांच्या पुढे गेला. शंभर किलोला दोन किलो तेल जास्त. सतराचा उतारा जुन्या वाणापेक्षा एकरी पाऊण क्विंटल कमी होता, पण तेलाचा भाव धरला तर ते भरून निघतं, असं साहेबांनी मांडलं. पहिल्या वर्षी कुठल्या गावांना बियाणं द्यायचं, त्याची यादी त्यांनी माझ्याकडे दिली. यादीत किन्हीराजा होतं. वीस शेतकरी, त्यात देवमनचा बाप.

ती यादी देवमनला मी दाखवली नाही, पण गावानं त्याला सांगितलीच. रविवारी तो गावी गेला की लोक पारावर थांबवून विचारायचे, तुह्या हापिसातलं बियानं कवा येते? बापानं दोन्ही एकरात सतरा नंबरच टाकायचं ठरवलं होतं. पोराच्या हातचं बियाणं. पाऊण क्विंटल कमी पिकणार आणि जास्तीचं तेल तर मुळात नाहीच, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक मी. मी मनाची समजूत घातली होती की शेती म्हणजे अशीही नशिबाचीच गोष्ट. देवमनला ती समजूत पटेना. त्या रविवारनंतर तो गावी जाईनासा झाला.

सप्टेंबरच्या एका सोमवारी अहवाल तयार झाला. चौदा पानं मी टाइप केली होती. दुपारच्या गाडीनं तो मुख्यालयाला पाठवायचा, आणि टपाल बसस्टँडवर पोचवायचं काम देवमनचं. सकाळी साडेदहाला साहेब अहवालावर सह्या करायला प्रयोगशाळेत बसले होते. मी पाकीट घेऊन उभा होतो. देवमननं नेहमीसारखी खिडकी लावली, पंखा बंद केला, बूच तोललं. मग वहीत लिहिलं आणि वही बंद न करता साहेबांसमोर ठेवली.

चारशे अठ्ठावीस.

साहेबांनी आकडा पाहिला, मग देवमनकडे पाहिलं. “हे काय आहे?”

“आकडा बदलला हाये, सायेब. आज नाही, समिती आली तवापासून. मी खोटा लिवत होतो.” त्यानं आधाराला टेबल धरलं. मग त्याला आठवलं की टेबल हललं तर तराजू हलेल, म्हणून त्यानं हात काढून घेतला आणि तसाच आधाराविना उभा राहिला. “वजनं म्या चिचंनं घासली. माह्यं काय करायचं थे करा. पन थे कागद पाठवू नका. माह्या गावाले थे बियानं देऊ नका.”

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि भिंतीवरची चंबूंची यादी काढून समोर घेतली. मी पाकीट हातात घेऊन उभाच. माझं नाव आता येईल, मग येईल, म्हणून मी त्याचं तोंड पुन्हा पुन्हा दुमडत होतो. आलं नाही.

पुढचे तीन दिवस दोघांनी मिळून साठही चंबू पुन्हा तोलले. सगळे पंधरा-वीस मिलिग्रॅमनं जड भरले. नवी वजाबाकी केल्यावर सतरा नंबर इतर चार वाणांच्या रांगेत जाऊन बसला. साहेबांनी चौदा पानं फाडली. तीन वर्षं होती ती, एवढंच म्हणाले. मग मला बोलावून म्हणाले की आता तरी दुरुस्तीचे पैसे मिळतील, बिघाडाचा आकडा आता वहीत आहे. पाच वर्षं मी जे पत्र टाइप करत होतो ते त्यांनी मला पुन्हा टाइप करायला लावलं, वहीच्या पानाची नक्कल जोडून.

पैशांऐवजी चौकशी अधिकारी आले. देवमनचा जबाब साहेबांच्या खोलीत झाला, आणि जबाब उतरून घ्यायला कारकून म्हणून मीच बसलो. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं दोनदा विचारलं की वजनं घासायला कुणी सांगितलं होतं का, कुणाचा तोंडी आदेश, कुणाचा सल्ला? असेल तर सांग, तुझ्यावरचा भार कमी होईल. माझी लेखणी कागदावर टेकलेली होती आणि मी ती तशीच दाबून धरली. तिथे शाईचा डाग पडला.

“कोनीच नाही सांगतलं,” देवमन म्हणाला. “माह्या मनानंच घासली.”

मी ते लिहिलं. कोणीही सांगितले नव्हते, स्वतःच्या मनाने घासली, असं शुद्ध मराठीत लिहिलं. वाचून दाखवलं. त्यानं सही केली, वहीत करायचा तशीच. बोलायला माझ्याकडे तेवढाच वेळ होता, आणि मी तो टीपकागद शोधण्यात घालवला.

महिनाभरानं आदेश आला. नोकरी वाचली. एक वेतनवाढ बंद. आणि खाली आणखी एक कलम, जे वाचून साहेबांनी कागद उलटा ठेवला. तराजूची दुरुस्ती व वजनांचे प्रमाणीकरण तातडीने करून घ्यावे, त्याचा खर्च रुपये तीनशे चाळीस संबंधित कर्मचाऱ्याच्या वेतनातून दरमहा दहा रुपयांप्रमाणे वसूल करावा. साहेबांनी त्याविरुद्ध दोन पत्रं लिहिली. दोन्हींना उत्तर आलं की देखभालीसाठी शीर्ष नाही.

वजनं नागपूरला गेली आणि बरोबर होऊन परत आली. देवमननं ती चिमट्यानं एकेक करून पेटीत लावली.

त्या संध्याकाळी मी त्याला गाठलं. म्हटलं, माझं नाव काहून नाही घेतलं? मला वाटलं होतं तो मुलींच्या लग्नाचं काही म्हणेल, उपकार केल्यासारखं बोलेल, म्हणजे मलाही हात जोडून मोकळं होता येईल. तो सायकलच्या कॅरिअरला डबा बांधत होता.

“माह्यं भेव त वही ठेवली तवाच सरलं, भाऊ,” तो म्हणाला. “तुमचं तुमी पाहा.”

एवढं बोलून तो गेला. लिलाबाई आजारी होत्या, त्याला घाई होती.

पगारपत्रकं करणं माझं काम. पहिल्या तारखेला देवमन पडघान, परिचर, या नावापुढच्या वसुलीच्या रकान्यात मी दहा रुपये लिहायचो. दरवेळी वाटायचं की हे दहा मी खिशातून भरावेत, आणि दरवेळी भीती वाटायची की लोक विचारतील, का भरतोस. चौतीस महिने विद्यापीठाच्या तराजूची दुरुस्ती देवमनच्या पगारातून झाली, आणि चौतीसही वेळा ती मी माझ्या हातानं कापली.